मणक्याचं ऑपरेशन ठरलंय? वऱ्हाड-झाडीतल्या रुग्णांनी आणि घरच्यांनी काय काय सांभाळायचं

एमआरआयचा लिफाफा घेऊन नागपूरहून परतलेल्या माणसाला गावात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, "मणक्याले हात नको लावू देऊ, पाय जातीन." दुसरा म्हणजे, "करून टाक ना बाप्पा एकदाचं, किती दिवस सोसशीन." दोन्ही सल्ले देणाऱ्यानं तो लिफाफा उघडूनही पाहिलेला नसतो.

मी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचं काम करतो. ऑपरेशन माझ्या हातात नसतं, पण ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची माणसं माझ्याकडे येतात. टेबलावरचं कसब सर्जनचं, तिथे आपलं काही चालत नाही. मात्र बिघडलेल्या ऑपरेशनांच्या मागे टेबलाबाहेरच्या गोष्टीही पुष्कळदा असतात. ऑपरेशन चुकीच्या कारणासाठी झालेलं असतं, तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवलेला असतो, कोणती तरी गोळी सांगायची राहिलेली असते, किंवा टाके सुकायच्या आत माणूस वावरात गेलेला असतो. हा सगळा भाग रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातातला आहे, म्हणून तो क्रमानं सांगतो.

पायरी १ : थांबता येतं का, हे आधी ठरवा

काही दुखण्यांत थांबायचं नसतं. शौचाच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, तर कमरेतल्या नसांचा पूर्ण गुच्छ दाबला गेलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. उशीर जितका होईल तितकी लघवीची ताकद परत येण्याची शक्यता कमी होते, आणि एक-दोन दिवसांचा फरकही इथे मोठा असतो. "उद्या बाजाराचा दिवस आहे, परवा जाऊ" हे इथे चालत नाही. १०८ ला फोन करा.

पायाचा पंजा वर उचलता येत नाही, चालताना चप्पल घसटते किंवा पायातून निसटते, आणि हे दिवसागणिक वाढतंय, तर हीसुद्धा घाईची गोष्ट आहे. मानेचा मणका दाबला जात असेल तर दुखणं फारसं नसतंही. शर्टाचं बटण लावता येत नाही, भाकरीचा तुकडा मोडताना बोटं साथ देत नाहीत, चालताना तोल जातो, अशी ती सुरुवात होते. लोक याला म्हातारपण म्हणून सोडून देतात. मानेतली मज्जारज्जू दाबली गेली की गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं. त्यामुळे तिथे ऑपरेशन बहुतेकदा आणखी बिघाड थांबवण्यासाठी असतं आणि ते वेळेत व्हावं लागतं.

वर सांगितलेलं काही नसेल, फक्त कमरेतून पायात उतरणारी कळ असेल, तर बहुतेकांना थांबता येतं. लोकांच्या भाषेत "मणक्यात गॅप" किंवा "गादी सरकली" म्हणतात त्या दुखण्यात पायाची कळ बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत बरीच कमी होते, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू आटवतं. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात काही रुग्णांचं ऑपरेशन लवकर केलं आणि बाकीच्यांना गोळ्या-व्यायामावर थांबवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. मात्र वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले साधारण ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन करावंच लागलं, हेही त्यातच आहे. म्हणजे कळ सोसवत नसेल तर ऑपरेशन करणं चुकीचं नाही, आणि सोसवत असेल तर थांबणंही चुकीचं नाही.

थांबायचं म्हणजे बाजेवर पडून राहायचं नाही. जमेल तितकं चालायचं, ओझं उचलायचं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या. आणि पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घ्यायची नाही. साधी उसण भरलेली असेल तर ती दोन-चार दिवसांत तशीही सुटते आणि नाव लाथेचं होतं. गादी सरकलेली असताना किंवा टीबीनं मणका पोकळ झालेला असताना तीच लाथ महागात पडते.

पायरी २ : दुखणं, तपासणी आणि फिल्म, तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतात का?

मणक्याच्या ऑपरेशनात सगळ्यात मोठी चूक होण्याची जागा हीच आहे, म्हणून इथे घाई नको.

एमआरआयचा रिपोर्ट भीतीदायक असतो. तीन-चार ठिकाणी "बल्ज", "डिजनरेशन", "नस दाबली" असं लिहिलेलं दिसतं आणि माणूस अर्धा तिथेच खचतो. पण पाठ अजिबात न दुखणाऱ्यांचा एमआरआय काढला तरी हे दिसतं. अशा साधारण ३,००० लोकांच्या फिल्मांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के निघालं, आणि त्यांतल्या कुणालाही पाठदुखी नव्हती. ऑपरेशन माणसाच्या दुखण्याचं करायचं असतं, फिल्ममधल्या डागाचं नव्हे.

जुळतंय की नाही, याचा अंदाज घरीही घेता येतो. कमरेला पाच मणके असतात आणि गादी बहुतेकदा शेवटच्या दोन जागी सरकते. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली तर कळ आणि मुंग्या पायाच्या वरच्या बाजूनं अंगठ्याकडे जातात, आणि टाचांवर चालताना त्या पायाचा पंजा खाली पडतो. पाचव्या मणक्याच्या खालची सरकली तर त्रास पोटरी, टाच आणि करंगळीच्या बाजूला जातो, आणि चवड्यांवर उभं राहायला जोर लागत नाही. वयस्क माणसाला चालताना दोन्ही पाय जड होत असतील, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटत असेल, सायकल चालवता येते पण चालणं होत नाही अशी गत असेल, तर मणक्याची नळी अरुंद झालेली असण्याची शक्यता मोठी.

आता समजा कळ डाव्या पायात आहे आणि रिपोर्टमध्ये दाब उजवीकडे लिहिलाय. किंवा पायात काहीच नाही, फक्त कंबर दुखते, आणि तरी मणके जोडायला दोन जागी स्क्रू टाकायचं सांगितलंय. अशा वेळी "डॉक्टरसाहेब, हे जुळत नाही, समजावून सांगा" एवढं म्हणायची हिंमत ठेवा. नस दाबली गेल्यानं पायात उतरणारी कळ ऑपरेशननं जाते, त्याचा भरवसा चांगला आहे. फक्त झिजेमुळे दुखणारी कंबर स्क्रू टाकून बरी होईल, याचा भरवसा त्यामानानं फार कमी आहे. स्क्रूला विरोध नाही. मणका मणक्यावरून सरकत असेल, मोडला असेल, टीबीनं पोखरला असेल तर स्क्रू लागतातच. कारण विचारून घ्यायचं, एवढंच.

आणखी एक गोष्ट इथेच येते. सर्जनला हाडावर नंबर लिहिलेला दिसत नाही. टेबलावर तो क्ष-किरण यंत्रानं, म्हणजे सी-आर्मनं, माकडहाडाच्या वरच्या हाडापासून मणके मोजत वर जातो. काही लोकांना कमरेचे मणके पाचाऐवजी सहा असतात, किंवा पाचवा मणका खालच्या हाडाला जुळलेला असतो. तिथे मोजणी चुकू शकते आणि ऑपरेशन शेजारच्या गादीचं होऊ शकतं. जगभरातल्या चांगल्या दवाखान्यांतही ही चूक घडलेली आहे. यावर रुग्णाला करण्यासारखं एक काम आहे. नुसता रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची फिल्म, सीडी आणि जुने सगळे एक्स-रे सोबत न्या. एमआरआय सहा महिन्यांहून जुना असेल किंवा मधल्या काळात त्रास बदलला असेल तर नवा लागेल का, ते विचारा.

पायरी ३ : मणक्यासारखी दिसणारी दुसरी दुखणी

हा भाग विदर्भात सोडून चालत नाही.

रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि भूक मरणं एकत्र दिसलं की आधी मणक्याचा टीबी आठवायचा. त्याचं खरं ऑपरेशन म्हणजे गोळ्या. बऱ्याच रुग्णांना चाकू लागतच नाही. पू साचून मज्जारज्जू दाबली जात असेल किंवा मणका ढासळत असेल तेव्हाच लागतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि हाडाच्या टीबीत त्या वर्ष ते दीड वर्ष घ्याव्या लागतात. तीन-चार महिन्यांत बरं वाटलं म्हणून त्या सोडणं ही सगळ्यात वाईट चूक. शक्य असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी सुईनं तुकडा काढून तपासतात, कारण कोणत्या औषधाला जंतू दाद देत नाही हे त्यातून कळतं.

सिकलसेलचं पण असंच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत रक्ताचा हा आनुवंशिक आजार घराघरांत आहे. सिकलसेलमध्ये खुब्याच्या सांध्याचा गोळा रक्तपुरवठा तुटून खराब होतो आणि दुखणं कंबर-मांडीत जातं. अशा तरुण पोराचा मणका तपासत बसतात आणि खरा बिघाड खुब्यात असतो. पालथी मांडी घालता येत नाही, जांघेत दुखतं, अशी तक्रार असेल तर खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा.

यवतमाळ-चंद्रपूर भागातल्या ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या माणसांच्या मणक्यांचे बंध कडक होऊन नळी अरुंद होते. गावातल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी डागाळलेले दिसत असतील तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. अशा मणक्यावरचं ऑपरेशन जास्त अवघड असतं आणि सर्जनला ते आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ४ : सर्जनसमोर बसल्यावर

प्रश्न कागदावर लिहून न्या. ओपीडीत नंबर लागला की अर्धे विसरतात. सोबत असा माणूस असू द्या जो घाबरत नाही. मोठ्या आवाजात बोलणारा पाहिजे असं नाही, ऐकून लक्षात ठेवणारा हवा.

कोणत्या मणक्याचं, कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे? नुसती गादी काढणार की स्क्रूसुद्धा टाकणार? टाकणार तर का? कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील? हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि नंतरची निम्मी नाराजी तिथूनच येते. कळ सहसा आधी जाते, बधिरपणा महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि कधी कधी राहूनही जातो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, मग कमरेपासून पंजापर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. पुढचे प्रश्न : नाही केलं तर काय होईल? दवाखान्यात रक्तपेढी आणि आयसीयू आहे का? रात्री काही झालं तर पाहायला कोण असतं?

दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं तर पहिले साहेब रागावतील, ही भीती काढून टाका. तातडीचं दुखणं नसेल तर दुसरं मत घ्यावंच. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स, यांपैकी एखादं ठिकाण विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांतून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. मणक्याचं काम अस्थिरोगवाले सर्जनही करतात आणि न्यूरोसर्जनही. पाटी कोणती यापेक्षा तो डॉक्टर मणक्याची ऑपरेशनं नेहमी करतो का, हे महत्त्वाचं.

पैशाचं आधी बघा, कर्ज नंतर काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात मोफत मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं आणि मंजुरी आली का, हे भरती होण्याआधी विचारा. योजनेत बसलेल्या ऑपरेशनसाठी स्क्रू किंवा औषधांचे पैसे कुणी वेगळे मागत असेल तर पावती मागा आणि त्याच नंबरवर तक्रार नोंदवा. कास्तकार माणूस वावर गहाण टाकून मोकळा होतो आणि योजनेचं त्याला डिस्चार्जच्या दिवशी कळतं, हे मी पाहत आलोय.

पायरी ५ : काही म्हणजे काही लपवायचं नाही

भुलेच्या डॉक्टरांची तपासणी होते तिला लोक "फिटनेस" म्हणतात आणि सहीपुरतं काम समजतात. खरं तर ऑपरेशनमधली गुंतागुंत टाळायची सगळ्यात मोठी संधी तिथे असते.

खर्र्याचं आधी. आपल्याकडे खर्रा खाणं हे व्यसनातच धरत नाहीत. "व्यसन काही आहे का?" या प्रश्नाला माणूस खिशात पुडी असताना "नाही" म्हणतो. खर्र्याचे दोन परिणाम होतात. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, जंतू लागायची शक्यता वाढते आणि स्क्रू टाकून जोडलेली हाडं एकमेकांत मुरत नाहीत. हाड जुळलं नाही की काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो किंवा तुटतो, आणि दोष स्क्रूच्या कंपनीला दिला जातो. बिडी, खर्रा, घोटा, नस (तपकीर), सगळं ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद करा आणि हाड जुळेपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने, बंदच ठेवा.

दुसरा परिणाम लोकांच्या ध्यानीमनीही नसतो. सुपारीनं तोंड आतून कडक होतं आणि उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर भुलेच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालावी लागते. मणक्याच्या ऑपरेशनात माणूस काही तास पालथा झोपलेला असतो, आणि पालथ्या माणसाची नळी निघाली तर परत घालणं फार अवघड. तोंड उघडत नाही हे आधी माहीत असेल तर नाकातून दुर्बिणीनं नळी घालण्याची तयारी ठेवता येते. ऐनवेळी कळलं तर ऑपरेशन रद्द होतं, आणि ते रद्द होणंच त्यातल्या त्यात बरं.

दारूचंही खरं सांगा, मोहाची असो की देशी. रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यावर एकदम बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, भास होतात, माणूस पलंगावरून उठून पळतो. नवीन ऑपरेशन झालेल्या मणक्यासाठी यापेक्षा वाईट काही नाही. आधी कळलं तर डॉक्टर औषध देऊन हे टाळू शकतात.

गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण कधी ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आपल्या मनानं बंद केली आणि हृदयातला स्टेंट बंद पडला तर मणका बाजूलाच राहील. आणि ती पांढरी पुडी! सांधेदुखी-कंबरदुखीवर "जडीबुटी" म्हणून गावोगाव पुड्या विकल्या जातात आणि त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ती वर्षभर खाल्ल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब अचानक कोसळू शकतो. शिवाय हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. पुडी कुणाकडून घेतली हे सांगायला लाज वाटत असेल तर नाव सांगू नका, पुडी तेवढी दाखवा.

सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्याच. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत "पॉझिटिव्ह" आलं तरी माणूस वाहक आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी लागते. वाहकाला सहसा अडचण येत नाही. आजार असलेल्याला उपाशीपोटी पाणी कमी पडलं, थिएटरात गारठा लागला किंवा प्राणवायू कमी झाला की रक्तपेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. अशा रुग्णाला आधी रक्त देणं, सलाइन लवकर सुरू करणं, अंग गरम ठेवणं ही सगळी तयारी करता येते.

साखरेच्या रुग्णांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासून घ्यावी. ती आठच्या वर असेल आणि दुखणं तातडीचं नसेल तर आधी साखर खाली आणा. किडका दात, लघवीची जळजळ, अंगावर गळू, पायाच्या बोटांमधला चिखल्या, यातलं काहीही असेल तर सांगा. कमरेवर शेकानं भाजलेलं असेल किंवा कुणी डाग दिला असेल तर तेही. तिथली कातडी बरी झाल्याशिवाय चाकू लावणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं.

पायरी ६ : ऑपरेशनचा दिवस

आदल्या रात्री आणि सकाळी साबणानं अंघोळ. पाठीवरचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, बारीक चिरांतून जंतू शिरतात. लागलंच तर दवाखान्यात मशीननं काढतात. करदोडा, जोडवी, मंगळसूत्र, गंडा-ताईत, सगळं घरी ठेवून या. करदोडा तर नेमका चिरेच्या जागी येतो.

उपाशी राहण्याची वेळ दवाखाना सांगेल ती. सहसा हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, ते जेवणात धरतात. "घोटभर चहानं काय होते" म्हणून आजीनं पाजलेल्या चहामुळे ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी आहे. भूल देण्याआधी, चिरेच्या आधी आणि थिएटर सोडण्याआधी, अशी तीन वेळा ती वाचायची असते. म्हणून तुम्हाला तेच तेच विचारतील : नाव काय, ऑपरेशन कशाचं, कोणती बाजू. वैतागू नका, "फायलीत लिवलं आहे ना" म्हणू नका. स्वतःच्या तोंडानं सांगा आणि दुखणाऱ्या पायावर हात ठेवून सांगा. संमतीपत्र मराठीत मागा. त्यावर मणका आणि बाजू लिहिलेली आहे का ते पाहूनच सही किंवा अंगठा करा. कोऱ्या कागदावर नको.

पायरी ७ : दवाखान्यातले दिवस

शुद्धीवर आल्यावर दोन्ही पंजे वर-खाली हलवून दाखवा. ऑपरेशनआधी हलत होता तो पंजा नंतर हलेनासा झाला, किंवा काही तासांनी हलेनासा झाला, तर लगेच सिस्टरला सांगा. आत रक्त साचून नस दाबली जात असेल तर ते तासांत काढावं लागतं. "सकाळी राउंडला सांगू" नको. लघवी होत नसेल तरी असंच.

नसांभोवतीचं पातळ आवरण कधी कधी ऑपरेशनात फाटतं, निष्णात सर्जनच्या हातूनही. ते शिवून घेतात आणि एक-दोन दिवस सपाट झोपवतात. असं झालं होतं का, हे डिस्चार्जआधी विचारून ठेवा.

कूस बदलताना खांदे आणि कंबर एकाच वेळी, लाकडाच्या ओंडक्यासारखी वळवायची. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या रेट्यानं वर. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालवतात. घरचे "आताच कुठं उठवता" म्हणून अडवतात, पण पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात आणि छातीत कफ साचतो.

पायरी ८ : घरी, आणि वावरात परत

घरी न्यायला गाडी मोठी बघा, मागच्या सीटवर आडवं होता आलं पाहिजे. तास-दीड तासानं थांबून चार पावलं चालवा. एसटीचं मागचं बाक आणि मोटरसायकल या काळात वर्ज्य.

सुतळीच्या ढिल्या बाजेत कंबर खाली जाते. तखत आणि त्यावर गादी बरी. उकिडवं बसणं महिना-दीड महिना टाळायचं असतं, म्हणून शौचासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून घ्या किंवा कमोडची खुर्ची भाड्यानं आणा. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट कडक होतं आणि जोर लावला की कमरेवर ताण येतो. पाणी, भाजी आणि लागलं तर इसबगोल ठेवा.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी हवी, अंग पुसून घ्या. मे महिन्यात हे कठीण जातं. घामानं पट्टी भिजली की बदला, भिजलेली तशीच ठेवू नका. हळद, तेल, राख, काहीही लावायचं नाही. भेटायला आलेल्या मामींना मालिश करू द्यायची नाही, त्या कितीही हुशार असल्या तरी.

नुसती गादी काढली असेल तर चार ते सहा आठवडे वाकणं आणि ओझं उचलणं बंद. स्क्रू टाकले असतील तर साधारण तीन महिने. ऑपरेशनची तारीख ठरवताना हंगाम डोळ्यांसमोर ठेवा. दुखणं तातडीचं नसेल तर कापूस घरी आल्यावर किंवा धान निघाल्यावर करा. निंदणाच्या किंवा रोवणीच्या तोंडावर केलेलं ऑपरेशन घरात बसू देत नाही, विशेषतः बायांना. पाणी भरणं, गुरांचं, स्वयंपाकाचं कोण करणार हे भरती होण्याआधी ठरलेलं असावं, कारण डिस्चार्जच्या आठवड्यात पाण्याचा गुंड कमरेवर घेणाऱ्या बाईला "तू उचललाच कशाला" म्हणून काही उपयोग नसतो.

ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. त्याचे हादरे कमरेच्या गादीला थेट बसतात. पाठीवरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो, तो डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, आणि नंतरही अर्धाच भरून. गादी काढलेल्या शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची तीच गादी पुन्हा सरकते, तेव्हा व्यायाम सुटला तरी वाकून उचलण्याची जुनी सवय परत आणू नका.

कधी परत धावायचं

पट्टी पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानं भिजतेय आणि उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं. जखम लाल, गरम झाली, पू आला. थंडी वाजून ताप आला. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा दम लागला. पायाची ताकद नव्यानं कमी झाली. लघवी अडली. यातलं काहीही झालं तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्याला फोन करा आणि निघा.

एक लक्षण मात्र फसवं असतं. ऑपरेशननंतर कंबर बरी होत आली आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पुन्हा भयंकर दुखायला लागली, कूस बदलताना ओरडायला होतं, वरून जखम मात्र छान दिसते. हा गादीच्या जागेत झालेला जंतुसंसर्ग असू शकतो. इथे गावातल्या दवाखान्यात ॲन्टिबायोटिकचं इंजेक्शन घेऊन मोकळं होऊ नका. चार दिवस बरं वाटतं, पण जंतू कोणता हे तपासणीत सापडेनासं होतं. आधी जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी रक्त तपासणी, म्हणजे सीआरपी आणि ईएसआर, आणि सर्जनला फोन, औषध त्यानंतर.

कागद

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, आधीची-नंतरची फिल्म आणि स्क्रूच्या डब्यावरचं स्टिकर, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, धान्याच्या कोठीजवळ नाही, उंदीर नेतात. स्क्रू कोणत्या धातूचे आहेत हे त्या स्टिकरवरून कळतं. बहुतेकदा ते टायटॅनियमचे असतात आणि पुढे एमआरआय काढता येतो, पण दहा वर्षांनी दुसऱ्या शहरातला तंत्रज्ञ कागद मागेलच. सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघांना पाठवून ठेवा. पायाची ताकद कायमची गेली असेल तर हेच कागद दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात लागतात.